रिपोर्टच्या खाली तीन ओळी मराठीत लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एक मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि काही न बोलता मोबाईल पुढं केला. त्यांच्या भावाचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट होता. दोन पानं इंग्रजी, बारीक टाईप, आणि शेवटाकडं तेच दोन शब्द जे मागच्या वर्षी आमच्या घरात आले होते, पेरिकार्डियल सिस्ट, म्हणजे हृदयाच्या बाजूची पाण्याची पिशवी. भाऊ चार दिवस नीट जेवला नाही, दुकान बंद ठेवून बसलाय, असं त्या सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांचा गळा दाटून आला. मी त्यांना आमच्या ह्यांची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम हे आम्हाला तिथंच कुणी दोन मिनिटं थांबून का नाही सांगितलं?" त्या प्रश्नासाठीच हे पत्र लिहितेय. लांबेल, पण कृपा करून छापा.

आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत, वय ४६. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, साधंच, आणि ऑपरेशनच्या आधी करतात तशा सगळ्या तपासण्या केल्या, रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे. एक्स-रेत हृदयाच्या उजव्या बाजूला खाली एक गोल सावली दिसली म्हणून सीटी करायला सांगितलं. ह्यांना काही त्रास नव्हता, ना दम लागत होता ना छातीत दुखत होतं, रोज आठ-नऊ तास गाडीत उभं राहून तिकिटं फाडणारा माणूस. सीटी झाला, संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेलो, काउंटरवरच्या मुलीनं पिशवी दिली, सही घेतली आणि पुढचं नाव पुकारलं. आम्ही पार्किंगमध्ये गाडीवर टेकून मोबाईलच्या उजेडात वाचायला लागलो. वेल डिफाइन्ड नॉन एन्हान्सिंग सिस्टिक लीजन, राइट कार्डिओफ्रेनिक अँगल, ४.६ बाय ३.२ सेंटीमीटर, पुढं प्रश्नचिन्ह आणि पेरिकार्डियल सिस्ट, आणि शेवटी सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन. मी डीएड झालेली बाई, पण यातलं मला कळलं ते फक्त सेंटीमीटर. मुलगी बारावी सायन्सला, तिनं घरी गेल्यावर लीजन शब्द शोधला आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाली, आई यात ट्यूमर पण लिहिलंय.

त्या रात्रीपासून आमच्या घरात एक शब्द फिरायला लागला, गाठ. दिरांना फोन केला, गाठ निघाली. शेजारी विचारायला आले, हृदयाला गाठ आहे म्हणे. माझं म्हणणं असं की निम्मं दुखणं या शब्दातच आहे. आपल्या मराठीत सगळ्यालाच गाठ म्हणतात, मांसाची असो, चरबीची असो, पाण्याची असो नाहीतर कॅन्सरची असो. आणि बार्शीच्या माणसाला तर गाठ म्हटलं की एकच दिसतं, कारण आमच्या गावात कॅन्सर हॉस्पिटल आहे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आम्ही लहानपणापासून स्टँडवर बघत आलोय. ज्याला गाठ झाली त्याचं काय होतं ते आम्हाला माहीत आहे असं आम्ही धरून चालतो. सासूबाईंनी भगवंताला नवस बोलला. ह्यांनी मला न सांगता पीएफचे आणि विम्याचे कागद एका फाईलला लावून ठेवले, ते मला कपाटात सापडले तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अठरा दिवस हे असं चाललं होतं. खरं सांगायचं तर त्या रिपोर्टमध्ये घाबरण्यासारखं काहीच नव्हतं आणि ज्यानं तो लिहिला त्यालाही ते माहीत होतं, ते सगळं तिथं लिहिलेलंच होतं, फक्त आमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

मधे एका ठिकाणी दाखवलं. नाव लिहीत नाही. तिथं पाच मिनिटांत सांगितलं की काढून टाका, हृदयाजवळची गोष्ट आहे, कशाला रिस्क घेता, पावणेदोन लाखापर्यंत खर्च येईल, नाहीतर मग सुई घालून पाणी काढून तपासायला पाठवू. आम्ही पैशाची जुळवाजुळव पण सुरू केली होती, माझ्या पाटल्या मोडायच्या असं ठरलं होतं. दिरांनी हट्ट धरला की सोलापूरला अजून एकदा दाखवा, म्हणून गेलो, नाहीतर आज ह्यांच्या बरगड्यांमध्ये विनाकारण टाके असते.

सोलापूरचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी फिल्म बघितल्या, मग एक कोरा कागद घेऊन चित्र काढलं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिला पेरिकार्डियम म्हणतात. आईच्या पोटात बाळ साधारण चौथ्या आठवड्यात असतं तेव्हा ही पिशवी तयार व्हायला लागते, बारीक बारीक पोकळ्या एकमेकींना मिळून एक होतात. कधी कधी त्यातली एखादी मिळायची राहते, बाजूलाच राहून जाते आणि तिच्यात हळूहळू स्वच्छ पाण्यासारखा द्रव साठतो. म्हणजे ह्यांच्या छातीतली ती गोष्ट ह्यांच्या जन्माच्या आधीपासूनची. डॉक्टर म्हणाले, "हिला गाठ म्हणू नका, पाण्याचा फुगा म्हणा." तिची भिंत अगदी पातळ असते, आतून पेशींचा एकच थर, आणि आतल्या पाण्याला इंग्रजीत डॉक्टर लोक झऱ्याचं पाणी म्हणतात इतकं ते नितळ असतं. हृदय आणि छाती-पोटामधला पडदा जिथं भेटतात त्या उजव्या कोपऱ्यातच ही जास्त करून सापडते, साधारण दहातल्या सात जणांना तिथंच. लाखात एखाद्याला असते असं पुस्तकात आहे म्हणाले. म्हणजे बार्शीसारख्या लाख-सव्वालाखाच्या गावात एक-दोघंच असतील, आणि त्यांना बहुतेक आयुष्यभर कळणारही नाही कारण बहुतेकांना काहीच होत नाही, दुसऱ्याच कशासाठी तरी फोटो काढला की दिसते.

मी विचारलं, पण हे पाणीच आहे कशावरून, वरून बघून कसं कळतं. त्यावर त्यांनी रिपोर्टमधला एक आकडा दाखवला ज्याच्याकडं आमचं लक्षही गेलं नव्हतं. ८ एचयू. सीटीच्या मशीनला शरीरातली प्रत्येक गोष्ट किती घट्ट आहे ते आकड्यात कळतं, पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे वजा १०००, चरबी वजा शंभराच्या आसपास, मांस चाळीस-साठच्या घरात आणि हाड कितीतरी वर. ह्यांचा आकडा ८, म्हणजे पाण्याच्या अगदी जवळ. आणि नॉन एन्हान्सिंग म्हणजे शिरेतून रंगाचं औषध दिलं तरी ती जागा उजळली नाही, म्हणजे तिला रक्तपुरवठा नाही, वाढणारी गाठ असती तर ती उजळली असती. जे शब्द वाचून आम्ही घाबरलो होतो तेच शब्द धीर देणारे होते. वेल डिफाइन्ड म्हणजे कडा स्वच्छ, आजूबाजूला घुसलेली नाही. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा पण आणि रागाचा पण. (ते एचयू म्हणजे हाउन्सफील्ड, ज्यानं सीटी स्कॅनर बनवला तो इंग्रज इंजिनीअर, डॉक्टर नव्हता, ग्रामोफोनच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीत कामाला होता. १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. हे मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगितलं, पोरं डोळे मोठे करून ऐकत होती.)

मग डॉक्टरांनी जे विचारलं त्यानं सगळा प्रश्नच सुटला. "आधीचा कुठला एक्स-रे आहे का घरात?" ह्यांना २०१३ मध्ये तीन आठवडे खोकला होता, टीबी असेल म्हणून सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला होता, थुंकी तपासली होती, काही निघालं नव्हतं. सासूबाईंची सवय अशी की दवाखान्याचा एक कागद टाकू द्यायच्या नाहीत. घरी आलो, ट्रंक उघडली, त्यांच्या लग्नातल्या शालूच्या खाली तो एक्स-रे सपाट ठेवलेला, कोपरा थोडा पिवळा पडलेला. पुढच्या मंगळवारी पहिल्या गाडीनं पुन्हा सोलापूर. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी दिव्याच्या पेटीवर लावल्या आणि पेन्सिलीनं दाखवलं, हा बघा, तोच फुगवटा, त्याच जागी, तेवढाच. अकरा वर्षं तो तिथंच होता, तेव्हा सगळे फुफ्फुसात टीबी शोधत होते म्हणून हृदयाच्या कडेला कुणी बघितलं नाही. ह्यांनी किती तरी वेळ त्या पेटीकडं बघितलं आणि मग खुर्चीत असे बसले की जणू अठरा दिवसांनी पहिल्यांदाच बसतायत.

आता सुईबद्दल, कारण हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरांनी आम्हाला विचारलं होतं घरात कुत्रा आहे का, शेळ्यामेंढ्या आहेत का. आमच्या सासऱ्यांच्या गावी मेंढ्यांचा कळप होता, कळपाबरोबर कुत्री पण होती, हे लहानपणी तिथंच वाढले. ते म्हणाले की छातीत पाण्याची पिशवी दिसली तर आपल्या भागात हायडॅटिड नावाच्या आजाराचा विचार करावाच लागतो. तो एका जंताचा आजार आहे, जंत कुत्र्याच्या आतड्यात असतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर, हातावर येतात, मेंढीच्या पोटात जातात, कधी माणसाच्या, आणि मग लिव्हरमध्ये, फुफ्फुसात, क्वचित हृदयाजवळ पाण्यासारख्या पिशव्या तयार होतात. मेंढी कापल्यावर आतली घाण कुत्र्याला टाकली की ते चक्र पुन्हा सुरू. आणि त्या पिशवीत न बघता सुई घातली आणि आतलं पाणी सांडलं तर अंगभर एवढी जोराची ॲलर्जी येऊ शकते की जिवावर बेतावं. म्हणून आधी रक्ताची तपासणी करायची, फिल्ममध्ये भिंत जाड आहे का, आत छोट्या पिशव्या आहेत का, चुना साठलाय का ते बघायचं. ह्यांचं रक्त निगेटिव्ह आलं, भिंत पातळ, आत काही नाही. पण आधीच्या ठिकाणी हे कुणीच विचारलं नव्हतं, आणि आम्ही तर सुई म्हणजे ऑपरेशनपेक्षा बरी म्हणून तिच्यासाठी हो म्हणणार होतो. धनगरवाड्यांवरच्या माणसांना, गोठ्यात कुत्रं बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की डॉक्टरांनी नाही विचारलं तरी आपण होऊन सांगा.

याचा अर्थ असा नाही की रिपोर्ट आला आणि कपाटात टाकून दिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की दम लागायला लागला, छातीत दुखायला लागलं, कोरडा खोकला हटेना, धडधड वाढली, किंवा मोजमापात वाढतेय असं दिसलं तर पुन्हा विचार करायचा. फार क्वचित तिच्यात रक्तस्राव होतो, संसर्ग होतो, हृदयावर दाब येतो. तेव्हा ती काढतात, हल्ली दुर्बिणीतून काढता येते. ज्यांना त्रास आहे त्यांनी ऑपरेशनला घाबरू नये, माझं भांडण ऑपरेशनशी नाहीच. ज्याला काहीच त्रास नाही त्याला न समजावता टेबलावर घेण्याशी आहे. ह्यांना सांगितलं की सहा महिन्यांनी २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग वर्षानं. दरवेळी सीटी करायची गरज नाही कारण सीटीत रेडिएशन असतं, इकोत नसतं, आणि आमची सिस्ट इकोत नीट दिसते हे त्यांनी आधीच बघून घेतलं. कधी शंका आली तर एमआरआय, त्यातही रेडिएशन नाही. काही जणांची तर आपोआप लहान होते, नाहीशी पण होते म्हणाले.

रेडिएशनवरून आठवलं. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाची दुसरी लाट चालू असताना एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले होते की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे, आणि लगेच रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं सांगितलं की ही माहिती जुनी आहे, आताच्या मशीनमध्ये डोस पुष्कळ कमी असतो. टीव्हीवर दोन्ही बातम्या एकामागोमाग. आपल्यासारख्यांनी काय समजायचं? त्या काळात गल्लीगल्लीतल्या माणसाचा एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी झाला, सरकारला दर ठरवून द्यावे लागले एवढी गर्दी होती. कोरोनासाठी काढलेल्या त्या फोटोंत ध्यानीमनी नसताना बाकीचं पण दिसलं, कुणाच्या फुफ्फुसात बारीक ठिपका, कुणाच्या लिव्हरवर सिस्ट, कुणाच्या हृदयापाशी आमच्यासारखं. फुफ्फुसात कोरोना किती पसरलाय तो स्कोअर तेवढा सगळ्यांनी विचारला, आठ आला का बारा आला, आणि खालची ओळ घरी जाऊन वाचली. आता तर फुल बॉडी चेकअपच्या जाहिराती सगळीकडं आहेत. जेवढे फोटो जास्त तेवढ्या अशा गोष्टी जास्त सापडणार, त्यातल्या पुष्कळशा निरुपद्रवीच निघणार. फोटो काढायची सोय तालुक्याला आली ही फार चांगली गोष्ट झाली, माझ्या वडिलांच्या वेळी ती नव्हती. पण समजावून सांगायची सोय तिच्याबरोबर आली नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे. प्रत्येक सीटी, एमआरआय, सोनोग्राफीच्या रिपोर्टखाली तीन ओळी साध्या मराठीत लिहा. काय दिसलं, ते किती काळजीचं वाटतं, आणि कुणाला कधीपर्यंत दाखवा. आमच्या रिपोर्टखाली एवढं असतं तरी पुरे होतं, हृदयाच्या बाजूला पाण्यासारखा द्रव असलेली पिशवी दिसते, ही बहुधा जन्मापासूनची आणि निरुपद्रवी असते, घाई नाही पण पंधरा दिवसांत छातीच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा आणि जुना एक्स-रे असेल तर सोबत न्या. एवढं लिहायला दोन मिनिटं लागतील. मला माहीत आहे रेडिऑलॉजिस्ट दिवसाला ढीगभर रिपोर्ट लिहितात, आणि पेशंटला न तपासता पक्कं सांगता येत नाही म्हणून ते कोरिलेशन, म्हणजे पेशंटला तपासून ताडून बघा, असं लिहितात, ते बरोबरच आहे, पण 'बहुधा' हा शब्द मराठीतही आहे. नेहमी सापडणाऱ्या अशा गोष्टींची वाक्यं एकदा तयार करून ठेवली तर रोज नव्यानं लिहायचीही गरज नाही.

हे होणार नाही असं मला कुणी सांगू नये. कुठल्याही सोनोग्राफी सेंटरला जा, दारातच मोठ्या अक्षरात मराठीत बोर्ड असतो की येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायदेशीर गुन्हा आहे. १९९४ चा कायदा आहे म्हणून तो बोर्ड आहे आणि लोकांना कळेल अशा भाषेत आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं जी रुग्ण हक्कांची सनद तयार केली तिच्यात पण लिहिलंय की आजाराची माहिती रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, आणि आपल्या राज्यानं २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद घातली. मग पेशंटच्या हातात जो कागद पडतो तोच त्याला वाचता येत नसेल तर माहिती मिळाली असं कसं म्हणायचं? आरोग्य खात्यानं आणि रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं एकत्र बसून हा नमुना ठरवावा, सुरुवात एका जिल्ह्यापासून करा, पाहिजे तर सोलापूरपासून करा. मराठी वाक्यं बघून द्यायला आमच्यासारखे शिक्षक आहेत, फुकट करू, मी स्वतः करीन.

आणि ज्यांच्या हातात आत्ता असा रिपोर्ट आहे त्यांना बहीण म्हणून सांगते, रात्री गुगल करत बसू नका, रिपोर्टबरोबर फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या, नुसता कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर ते पुन्हा स्कॅन सांगतील. डॉक्टरला विचारा पाणी आहे का मांस आहे, रंगाच्या औषधानं उजळलं का, पूर्वीच्या फोटोत होतं का. लगेच काढा असं कुणी म्हटलं तर दुसरीकडं एकदा विचारा, त्याचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका. आमच्याकडं फेरीवाला एक्स-रेच्या फिल्म किलोवर घेतो, सासूबाईंनी कधी दिल्या नाहीत म्हणून आमचे पावणेदोन लाख आणि ह्यांचं एक ऑपरेशन वाचलं.

ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नंतर दिवाळीच्या आधी झालं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सोलापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली होती ती नेऊन दिली. सहा महिन्यांचा इको झाला, माप तेवढंच आहे. हे परत ड्युटीवर आहेत. त्या मॅडमच्या भावाला मी २०१३ ची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला त्याचाही पोलीस भरतीच्या वेळचा एक जुना एक्स-रे त्याच्या आईकडं, वैरागला असेल. तो आणायला उद्या सकाळच्या गाडीनं चाललाय.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, बार्शी, जि. सोलापूर